संगणक उठत नाही तेव्हा

घरचा संगणक सुरू होत नाही असे आढळताच बहुतेक कुटुंबांत दोनच गोष्टी घडतात. प्रथम बटण पुनःपुन्हा दाबले जाते, आणि मग "फॉरमॅट मारावा लागेल" असा निकाल कोणीतरी ऐकवितो. या दोहोंमध्ये पाहणे, ऐकणे आणि एकेक शक्यता वजा करीत जाणे यांना जी जागा आहे, ती आपण रिकामी सोडली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कलाशाखेची पदवीधर. यंत्रविद्येचा अधिकार मला नाही. परंतु हे काम यंत्रविद्येपेक्षा तर्काचे अधिक आहे, आणि तर्क हा काही विज्ञानशाखेने मक्त्याने घेतलेला विषय नव्हे.

संगणक जागा होतो तो टप्प्याटप्प्याने. बटण दाबल्याबरोबर वीजपुरवठ्याचा डबा, ज्यास सर्वजण एसएमपीएस म्हणतात, घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा पुरवठा तयार करतो. तो स्थिर झाल्याची खूण मिळाल्यावरच प्रोसेसर कामास लागतो आणि मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेला बायोस हा लहानसा प्रोग्रॅम वाचतो. नव्या यंत्रांत त्याच्या जागी यूईएफआय असतो. हा प्रोग्रॅम रॅम, कीबोर्ड, स्क्रीन यांची हजेरी घेतो, मग डिस्क शोधतो आणि तीवरून विंडोज किंवा लिनक्स उचलतो. यांपैकी कोठे अडले हे यंत्र बहुधा स्वतःच सांगत असते.

पंखा फिरत नाही, दिवाही लागत नाही, तर आधी विजेची वाट तपासावी: भिंतीतला प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि डब्यामागचा छोटा स्विच, जो केर काढताना हमखास बंद होतो. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, तर मॉनिटरची केबल पाहावी. आतून 'बीप' असा आवाज येत असेल तर तो मोजावा. त्याचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो, तरी रॅम नीट बसलेली नसणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. बूट करण्याजोगी डिस्क नाही असा मजकूर उमटला, तर विसरून राहिलेला पेनड्राइव्ह आधी काढावा. घड्याळ भलतीच जुनी तारीख दाखवू लागले, की मदरबोर्डवरील ३ व्होल्टची, नाण्याएवढी, सीआर २०३२ ही बॅटरी संपली असे बहुधा समजावे.

आमच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हा विषय विशेष जिव्हाळ्याचा होतो. दमट, खारट हवेत धातूचे संपर्कबिंदू गंजतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी दोन वर्षांमागे जूनमध्ये संगणक मुका झाला. दुकानदाराने मदरबोर्ड गेला म्हणून नव्याचा खर्च सांगितला. मुलगा नववीतला, पण चिकाटीचा. त्याने प्लग काढला, हाताने आधी धातूच्या पेटीला स्पर्श केला, रॅमची पट्टी उपसून क्लिप वाजेपर्यंत पुन्हा बसविली. यंत्र सुरू झाले. मात्र एसएमपीएसचा डबा कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल असा विद्युतभार उरू शकतो.

शाळांत संगणकाच्या भागांची नावे पाठ करून घेतली जातात. भाग रुसला तर काय विचारावे हे शिकविले जात नाही. कोकणीत आम्ही शोधण्याला 'सोदप' म्हणतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या सोदपाला गुण नसतात.

१९ जुलै २०२४ चे उदाहरण घ्या. क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे सुरू होईनाशी झाली. आपल्याकडे विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यंत्रे मोडली नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे, एवढाच मुख्य उपाय होता. घरच्या विंडोजमध्येही ही सोय आहे. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आले, की दुरुस्तीची निळी स्क्रीन सहसा आपण होऊन पुढे येते. तीत ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज अशा वाटेने सेफ मोड गाठता येतो. त्याच स्क्रीनवर सर्व पुसून टाकणारा रिसेटचा पर्यायही शेजारीच असतो, याचे भान ठेवावे.

माझा खरा आक्षेप आहे तो या पुसण्यालाच. विंडोज पुन्हा आणता येते. निवर्तलेल्या आजीचा ध्वनिमुद्रित आवाज पुन्हा आणता येत नाही. म्हणून पालकांनी दुरुस्ती करणाऱ्यास स्पष्ट बजावावे, की आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग काय ते करा. विंडोज उठत नसले तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते, किंवा पेनड्राइव्हवरील लिनक्सने वाचता येते. डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास मात्र यंत्र लगेच बंद करावे. प्रत्येक नव्या प्रयत्नाने तिची हानी वाढू शकते.

नव्या कित्येक विंडोज यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते, आणि ते खाते ज्याच्या नावे उघडले तो मुलगा पुण्यास किंवा परदेशी असतो. संगणक चालू आहे तोवरच ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावी.