आधी माती परीक्षण, मग चुना

भाजीपाल्याची वाढ खुंटली, पाने पिवळी पडली की जमीन आम्ल झाली असावी असा तर्क करून चुना पसरण्याचा मोह पुष्कळांना होतो. आमच्या मते शिरड शहापूर परिसरातील काळ्या जमिनीत असा चुना घालणे बहुधा व्यर्थ, किंबहुना अपायकारक ठरेल. असे का, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आम्ल जमीन भाजीपाल्याची हानी करते, हे निर्विवाद आहे. जमिनीचा सामू ७ असल्यास ती उदासीन, त्याहून कमी असल्यास आम्लधर्मी आणि अधिक असल्यास विम्लधर्मी समजावी. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढते. तो ५.५ च्या खाली गेला की मातीतील अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जाड व आखूड होतात. अशी मुळे पाणी व अन्न पुरेसे शोषू शकत नाहीत. घातलेले स्फुरद लोह व अॅल्युमिनियम यांच्याशी बांधले जाऊन पिकास मिळेनासे होते. शेंगवर्गीय भाज्यांच्या मुळांवर गाठी कमी येतात. मॉलिब्डेनमच्या अभावी फुलकोबीची पाने चाबकाप्रमाणे अरुंद होतात. पालक, बीट व कांदा ही पिके आम्लता फारशी सोसत नाहीत. बटाटा व रताळे मात्र बऱ्यापैकी सोसतात.

परंतु अशा जमिनी आपल्या राज्यात मुख्यतः कोकणात आढळतात. तेथील अतिवृष्टीने चुना व मॅग्नेशियम धुपून जातात आणि जांभ्याची लाल, आम्ल माती उरते. तेथे माती परीक्षणानुसार लागवडीपूर्वी दोनतीन आठवडे चुना मिसळणे योग्यच आहे. हिंगोली जिल्ह्यात पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. येथील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली असून तिच्यात मुळातच चुना असतो आणि तिचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ असतो. नांगरटीत वर येणाऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळून पाहावे. बुडबुडे उठले तर जमिनीत चुना आहे, याची ती साक्षच होय.

अशा जमिनीत आणखी चुना घातल्यास लोह, जस्त व स्फुरद पिकास अधिकच दुर्लभ होतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण समजावे. वाफ्यात पाणी साचत असेल तर हा दोष वाढतो. यावर उपाय चुना हा नव्हे. पाण्याचा निचरा करणे, भरपूर कुजलेले शेणखत घालणे व गरजेप्रमाणे हिराकशीच्या अर्धा टक्का द्रावणाची फवारणी करणे हे उपाय होत. लक्षण एकच, पण कारणे परस्परविरुद्ध. म्हणून केवळ पान पाहून औषध ठरवू नये.

निर्णय माती परीक्षणाने करावा. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा वगळून शेतात आठदहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत ही क्रिया करावी. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नये. नमुन्यासोबत नाव, गट क्रमांक व मागील पीक लिहावे.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेमुळे असे अहवाल पुष्कळ घरी पोहोचले आहेत. पण पत्रिका पेटीत ठेवून चुन्याची पोती आणणे म्हणजे दिवा असता अंधारात चालणे होय. कार्यकर्त्यांनी ती शेतकऱ्यासमोर वाचून दाखवावी आणि सामूचा अंक पाहिल्याशिवाय चुन्याचा सल्ला देऊ नये. शेतकऱ्याचा पैसा व हंगाम दोन्ही यातच वाचतील.