पान पिवळं पडलं की खत?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर आठ-दहा दिवसांनी एक फोटो येतोच येतो. कुंडीतल्या झाडाचं पिवळं पडलेलं पान, आणि खाली एक ओळ : "याला काय घालू?" पाच मिनिटांत सात उत्तरं हजर. आंबट ताक घाल. एप्सम सॉल्ट घाल. केळ्याची सालं भिजवून ते पाणी घाल. गंजके खिळे पुर. चहाचा चोथा. कांद्याची सालं. एखादा शिकलेला भाचा लिहितो, १९:१९:१९ एक चमचा.

गंमत अशी की, पान झाडाच्या वरच्या भागातलं की खालच्या, कुंडीला भोक आहे का, पाणी कुठलं घालतेस, हे एकही जण विचारत नाही. पोटात दुखतंय म्हटल्यावर कुठे आणि कधीपासून हे न विचारता कुणी गोळी दिली तर आपण तिथून उठून येऊ. झाडांच्या बाबतीत मात्र आपण सगळेच असले डॉक्टर.

माझं मत सांगून टाकते. 'काय घालू' हा प्रश्नच बाद करायला हवा. आपल्या घरात, बंद केलेल्या बाल्कनीत, खिडकीच्या जाळीत जी झाडं आजारी पडतात त्यातली बरीचशी उपाशी नसतातच. बुडालेली असतात, गुदमरलेली असतात, नाहीतर अतिखाण्याने बेजार झालेली असतात. आणि त्यांच्यावर आपण आणखी वाढून ठेवतो.

आपल्या भाषेत 'केवडा' असा एक शब्द आहे. फुलाचा नव्हे, पिकावरचा. उसाची कोवळी पानं पिवळी-पांढुरकी पडली की शेतकरी म्हणतो केवडा पडला. तिथे बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं. भेंडीवर पडतो तोही केवडाच, पण तो विषाणूचा रोग आणि तो पसरवते पांढरी माशी. द्राक्षावरचा केवडा आणखी तिसराच, बुरशीसारख्या जीवामुळे येणारा. नाव एक, रंग जवळपास एक, आणि कारणं तीन. भेंडीच्या केवड्याला लोह देऊन काही होणार नाही आणि उसाच्या केवड्यावर माशीचं औषध मारून काही होणार नाही. नुसत्या रंगावरून निदान करायला जाऊ नये, हे सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

मग पान काही सांगतच नाही का? सांगतं की! फक्त ते कुठलं पान आहे हे आधी बघावं लागतं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही मंडळी झाडाच्या आत फिरती असतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं. म्हणून यांची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर जुनं पान सगळंच्या सगळं फिकट होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा जिथे बसले तिथे बसले, सहसा हलत नाहीत. त्यांची कमतरता वरच्या कोवळ्या पानांवर दिसते. लोहाची असेल तर कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. कॅल्शियमची असेल तर शेंडा वाकडा, चुरगळलेला, कधी काळा पडलेला.

म्हणजे हिरव्या शिरांचं पिवळं पान खाली असेल तर संशय मॅग्नेशियमवर, वर असेल तर लोहावर. फोटोत नुसतं एक पान हातात धरून दाखवलं की हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निसटते.

एवढं वाचून कुणी तक्ता छापून बाल्कनीत चिकटवेल म्हणून खरी मेख सांगते. पानात लोह कमी आहे याचा अर्थ मातीत लोह कमी आहे असा होत नाही. दख्खनची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात लोहाला तोटा नाही. पण तिच्यात चुनखडी असते आणि सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास गेला की तेच लोह मुळांना घेता येत नाही अशा रूपात अडकून बसतं. डबा भरलेला आणि झाकण घट्ट! अशा मातीत गंजके खिळे पुरणं म्हणजे त्याच डब्यात आणखी भर. गंज हे लोहाचं न विरघळणारंच रूप. म्हणून तर शेतकरी हिराकस पानांवर फवारतात किंवा चिलेटेड लोह वापरतात. कुंडीत तर आणखी एक गोष्ट होते. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना समोर वाढलेलंही उचलता येत नाही. पान तेव्हाही पिवळंच पडतं. तक्ता म्हणतो 'लोह', आणि खरा रोग असतो 'पाणी'.

आता मावशीच्या कढीपत्त्याबद्दल. तिची परवानगी घेऊनच लिहितेय.

काकांनी तो लावलेला. जुन्या वाड्यातल्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं रोप, वाडा पाडायच्या आधी त्यांनी मुळासकट काढून कुंडीत आणलं. पुढे वाडा गेला, काका गेले, नवीन इमारतीत सातव्या मजल्यावर मावशी आणि तो कढीपत्ता असे दोघंच राहायला आले. एका पावसाळ्यात त्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. मावशीने ताक घातलं, मग एप्सम सॉल्ट, मग नर्सरीवाल्याने दिलेलं कुठलंसं द्रव खत, मग पुन्हा ताक. दसऱ्याला मी गेले तेव्हा झाडाच्या फांद्या अर्ध्या उघड्या पडल्या होत्या.

मी आधी माती हुंगली. आंबूस वास. मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरे क्षार जमलेले. कुंडी उचलायला गेले तर उचलेना. नव्या घरात शोभून दिसावी म्हणून ती एका चिनी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवली होती, त्या बाहेरच्या कुंडीला भोकच नव्हतं आणि तळाशी चार बोटं पाणी. वर पाणी कुठलं? तर आरओ मशीनचं वाया जाणारं. पाणी वाचवायची भावना चांगलीच, पण मशीन पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढतं ते त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात जमा होतात. खरकटं ते सगळं झाडाच्या ताटात.

बाहेरची कुंडी काढली. कुजलेली काळी मुळं कापली. निचरा होणाऱ्या नव्या मातीत झाड बसवलं, नळाचं साधं पाणी दिलं, आणि मावशीला सांगितलं : बोटाची दोन पेरं माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही, आणि दोन महिने खत अजिबात नाही. मावशीचा चेहराच उतरला. "अगं, आजारी आहे ना ते? आणि उपाशी ठेवायचं?"

तिचं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण सगळं तिथेच अडतं. आपल्याकडे माया म्हणजे वाढणं. आजारी माणसाला दोन घास जास्त खा म्हणणारे आपण, पिवळ्या पडलेल्या झाडापुढे हात बांधून उभं राहणं आपल्याला निर्दयपणाचं वाटतं. तिला झाडाची नव्हे, काकांची हयगय केल्यासारखं वाटत होतं. त्यावर कुठला तक्ता काय उत्तर देणार? मी एवढंच म्हटलं, मावशी, लंघन हेही औषधच आहे की. ते मात्र तिला पटलं. तीन फांद्या गेल्या, त्या काही वाचल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात बुडातून नवा फुटवा आला.

'आमच्या आज्या काय माती तपासत होत्या का? तांदळाचं धुणं टाकायच्या आणि झाडं फोफावायची!' असं कुणीतरी म्हणणारच. खरंय. पण ती झाडं अंगणात होती. अंगणातलं झाड मुळं लांब पाठवतं, पाऊस क्षार धुऊन नेतो, जास्तीचं पाणी खाली मुरतं. जमीन आपले लाड पोटात घालते. बारा इंची कुंडीत माती असते जेमतेम बारा-पंधरा लिटर. तिथे काहीच कुठे जात नाही. वाडे गेले, अंगणं गेली, पण सवयी अंगणातल्याच राहिल्या.

थोडा हिशोब करू. दहा ग्रॅम युरिया घेतला, म्हणजे साधारण चमचाभर, तर त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४.६ ग्रॅम. बारा इंची कुंडीचं तोंड भरतं सुमारे ०.०७३ चौरस मीटर. क्षेत्रफळाच्या प्रमाणात हे नत्र हेक्टरी सव्वासहाशे किलोच्या घरात जातं. आपल्याकडे आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलोची, तीही चार हप्त्यांत विभागून. दीड वर्ष शेतात उभ्या राहणाऱ्या उसाच्या दीडपट आपण खिडकीतल्या झाडाला एका चमच्यात देतो. मग पानांची टोकं जळतात, आणि जळलेली टोकं बघून आपण म्हणतो, आणखी काहीतरी कमी पडतंय वाटतं :)

घरातल्या झाडाला ऊनही कमी. ऊन कमी म्हणजे वाढ कमी, म्हणजे पाण्याची आणि खताची गरजही कमी. आणि कढीपत्ता थंडीत पानं पिवळी करून गाळतो, तो त्याचा स्वभावच आहे. डिसेंबरातल्या त्या पिवळेपणावर उपचार करू नयेत.

झाडं खरोखर उपाशी राहतच नाहीत असं मात्र मी म्हणत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं झाड उपाशी राहतं, कारण त्यात अन्न फारसं नसतंच, आणि न धुतलेलं कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. लाकडाचा भुसा किंवा न कुजलेला पालापाचोळा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जीवाणूच नत्र खाऊन टाकतात. तीन-चार वर्षं माती न बदललेल्या कुंडीत खायला उरत नाही आणि मुळांना जागाही उरत नाही. तिथे खत द्यायलाच हवं. पण आधी हे वगळून, ते तपासून, मग.

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी भोक आणि वजन, म्हणजे पाणी खाली जातं का, कुंडी सारखी जड का. मग वास. मग क्षार. मग पानाची मागची बाजू, कारण कोळी आणि मावा तिथे बसतात आणि त्यांनीही पान पिवळं होतं. मग चिमूटभर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर; फसफसली तर चुनखडी आहे. आणि हे सगळं झाल्यावर जुनं पान की नवं पान हा प्रश्न. खताचा डबा सगळ्यात शेवटी. उपाय करायचा तो एका वेळी एकच, आणि मग तीन आठवडे थांबायचं. चार गोष्टी एकदम घातल्या तर कशाने बरं झालं आणि कशाने मेलं, दोन्ही कळत नाही. पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा हिरवी होण्याची वाट बघू नये, बहुधा होत नाहीत. नवीन येणारं पान कसं आहे तेच खरं उत्तर.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागाईतदार खत ठरवण्याआधी पानांचे देठ प्रयोगशाळेत पाठवतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासून लिहिलेल्या असतात, सामू त्यातलाच एक. ज्यांचं पोट पिकावर आहे ते माणूस कामाला लावून माती तपासतात, आणि हौसेची चार झाडं लावणारे आपण फॉरवर्डवर विश्वास ठेवतो. आता तर मोबाइलमधली अ‍ॅप्सही फोटो बघून कमतरता सांगतात. सांगू देत. पण त्यांना तुमच्या कुंडीचा वास येत नाही आणि तिचं वजनही कळत नाही. ते काम बोटांचं आणि नाकाचं आहे, आणि ते करायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा ग्रुपवरच्या समस्त मावश्या, आत्या, काका आणि १९:१९:१९ वाल्या भाच्यांनो, पुढचा फोटो टाकाल तेव्हा सबंध झाडाचा टाका, कुंडीच्या बुडाचाही टाका, आणि पाणी कुठलं घालता ते लिहा. मग बघू काय घालायचं ते. किंवा काय काढायचं ते.