आडत्याच्या नावाचं झाड

लातुरात परवा तंबाखूविरोधी एका फलकावर ठळक अक्षरांत वाचायला मिळालं: 'निकोटिन, मूळ संस्कृत निकृष्ट.' कोशकिड्याचा चहा हातातच निवला. शब्दांच्या असल्याच वंशावळी पाठवणारे वाचक असतात ना? ही त्यांचीच भावकी.

निकृष्ट-बिकृष्ट काही नाही, निको हे आडनाव. झां निको हा लिस्बनमधला फ्रान्सचा राजदूत. १५६०च्या सुमारास त्याने तंबाखू औषधी म्हणून फ्रान्सच्या दरबारी धाडली. १७५३ साली लिनियसने झाडाचं नाव 'निकोटियाना' ठेवलं आणि १८२८ साली हायडेलबर्गमध्ये पोसेल्ट व रायमान यांनी पानातलं द्रव्य वेगळं काढलं, त्यालाही तेच नाव लागलं. निको स्वतः कोशकार, हे विशेष! त्याचा फ्रेंच कोश तो गेल्यावर, १६०६ साली छापला गेला.

त्याच्याआधी आंद्रे थेवे ब्राझीलहून १५५६ साली तंबाखूचं बी घेऊन परतला होता. त्यानेही झाडाला आपल्या आंगुलेम गावाचं नाव देऊन पाहिलं. ते टिकलं नाही. अमेरिकेत पाऊल न ठेवलेल्या माणसाचं टिकलं, ही त्याची तक्रार छापील आहे.

आता निलंगा तालुक्यात या. पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव गावाचं. (चिंचेवरून गाव आणि गावावरून चिंच, असा हा फेरा असावा, पुरावा मागू नये.) उद्या ही चिंच परगावी विकणाऱ्या मोंढ्यातल्या आडत्याचं नाव कुणी चिंचेला दिलं, तर पानचिंचोलीकर ऐकून घेतील? निको तरी दुसरा कोण होता? माल दुसऱ्याचा, पाठवणावळ त्याची.

'तंबाखू'चं तसं नाही. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण त्यामागे कॅरिबियन बेटांवरची बोली आहे, असं बहुतेक कोशकार मानतात. म्हणजे नांदेडच्या टपरीवर 'तंबाखू-चुना दे' म्हणणारा माणूस झाडाच्या मूळ धन्यांचा शब्द बोलतो, अन् प्रयोगशाळेत मात्र आडत्याचं नाव चालतं.

लातूरचा फलक अजून जागेवर आहे. 'निकृष्ट'च्या खाली कुणीतरी चुन्याचं बोट पुसलंय.

— कोशकिडा