दंतवैद्याची खुर्ची आणि पडद्यावरील चौकट

रुग्ण दात दाखवावयास येतो, दंतवैद्य त्याची संगणकातील नोंद उघडतो आणि पडद्यावर एक चौकट उमटते : या रुग्णाची एचआयव्ही चाचणी झाल्याची नोंद नाही, चाचणी सुचवावी. अमेरिकेतील दंतचिकित्सालयांतून ही चाचणी वाढविण्याचा हा मार्ग तेथील काही आरोग्यतज्ज्ञ मांडीत आहेत. आपल्यातील काही मित्र ‘भांडवलशाहीचे नवे खेळणे’ म्हणून तो झटकून टाकतील. असे झटकून टाकणे सोपे आहे, आणि चूक आहे. परंतु या चौकटीतच रोगनिवारणाचा मंत्र सापडला असे मानणाऱ्यांची चूक त्याहून मोठी आहे.

चौकटीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेत सुमारे १२ लाख लोक एचआयव्हीबाधित आहेत आणि त्यांतील दर आठांमागे एकाला आपल्या लागणीचा पत्ताच नाही. १३ ते ६४ वर्षे वयाच्या व्यक्तींची चाचणी, त्यांनी नकार दिला नसेल तर, नेहमीच्या वैद्यकीय सेवेतच करावी, अशी शिफारस तेथील रोगनियंत्रण केंद्राने २००६ मध्ये केली. वर्षभर डॉक्टरची पायरी न चढणारा माणूसही दाढ ठणकली की दंतवैद्याकडे जातो. तोंडातील पांढरा बुरशीजन्य थर हे या रोगाचे एक लक्षण. तेही दंतवैद्याच्याच दृष्टीस प्रथम पडण्याचा संभव. हिरड्यांवरून पट्टी फिरवून वीसेक मिनिटांत निष्कर्ष देणारी चाचणी तेथे २००४ पासून मान्य आहे. निष्कर्षाची खात्री पुन्हा रक्त तपासून करावी लागते, हे खरे. तरी निदान लवकर झाले आणि औषध नियमित मिळाले तर माणूस दीर्घकाळ जगतो, आणि रक्तातील विषाणू मोजमापाखाली गेल्यावर त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. एवढे ज्याने साधते त्याला खेळणे कसे म्हणावे?

मात्र ज्या पेशाकडून आज ही अपेक्षा केली जात आहे त्याचा इतिहास विसरता येत नाही. १९९४ साली मेन राज्यातील बँगोर गावी सिडनी अ‍ॅबट या बाईंनी आपल्याला लागण असल्याचे रुग्णपत्रकावर प्रामाणिकपणे लिहिले. रँडन ब्रॅगडन या दंतवैद्याने आपल्या दवाखान्यात त्यांचा दात भरण्यास नकार दिला. रुग्णालयात भरीन, पण तेथील खर्च तुम्ही सोसा, असे त्याचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि लक्षणे नसलेल्या बाधितालाही अपंगांसाठीच्या कायद्याचे संरक्षण आहे, हा निर्णय यावयास १९९८ साल उजाडले. खरे सांगणाऱ्याला जेथे दाराबाहेर ठेवले गेले, तेथे लोक चाचणीला बिचकत असतील तर त्यांच्या अज्ञानाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता अर्थकारण पाहा. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली, तिने नेहमीची दंतसेवा वगळली. गरिबांच्या मेडिकेडमध्ये प्रौढांचे दात प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोडले. म्हणजे ज्या गरिबाला या खुर्चीवर गाठावयाचे, त्याला खुर्चीपर्यंत येऊच द्यावयाचे नाही, अशी व्यवस्था. दंतवैद्याची मिळकत बहुधा कामागणिक : दात काढला, पैसे, दाढ भरली, पैसे. रुग्णाशी बसून बोलण्याच्या वेळेला त्या हिशेबात जागा नाही. चौकट उमटविण्यास मालकाला फारसा खर्च नाही. श्रम मात्र खुर्चीपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचे. मग कळ दाबून चौकट मिटविली जाते, आणि अहवालात तंत्रज्ञान वापरल्याची नोंद उरते.

शिवाय चौकटीत काय लिहावयाचे हे ठरविणार कोण? प्रॅक्टिस फ्यूजन या अमेरिकी कंपनीने एका औषध कंपनीकडून पैसे घेऊन डॉक्टरांच्या पडद्यावर अशाच सूचना बसविल्या होत्या. अफूवर्गीय वेदनाशामकांचा खप वाढावा म्हणून! अफूच्या व्यसनाने तो देश होरपळत असता हे चालले होते. २०२० मध्ये तिने १४.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले. सूचना देणारे यंत्र तेच, हेतू तेवढा विकत घेतलेला.

निदानानंतरचे औषध हाही बाजाराचाच माल. अमेरिकेत प्रचलित असलेल्या एका गोळीची छापील किंमत दरमहा सुमारे ४,००० डॉलर आहे. याउलट मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला. हे सिप्लाच्या औदार्यापेक्षा १९७० च्या पेटंट कायद्याचे फळ होते. तो कायदा २००५ मध्ये आपणच बोथट केला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

आपल्याकडे हा विषय उद्या येईलच. अमेरिकी शिफारशीने स्वतंत्र लेखी संमती अनावश्यक ठरविली. आपल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मात्र माहितीपूर्वक संमती आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन बंधनकारक केले आहे. हा फरक यंत्राच्या सोयीसाठी पुसू देता कामा नये. मुंबई, नागपूर वा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत अशी प्रणाली बसविण्याचा प्रस्ताव आला, तर आपल्या कार्यकर्त्यांनी विरोधाचे फलक घेऊन जाऊ नये. प्रणालीचे नियम शासनाने लिहिले की विक्रेत्या कंपनीने, आणि नोंद कोणाकोणाला दिसणार, हे अधिष्ठात्यांकडून लेखी मागावे. आणि सर्वांआधी विचारावे की, त्या खुर्चीशेजारी समुपदेशकाचे कायम पद मंजूर झाले आहे काय, की अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कोणी येणार आहे.