पाणी कोठे मुरणार?

एखाद्या व्यवहाराविषयी संशय आला की 'येथे कोठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण म्हणतो. मुंबईच्या पावसाळ्याचे दुखणे नेमके उलटे आहे. येथे पाणी कोठेच मुरत नाही! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. तो प्रलय असामान्य होता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जाण्यास प्रलय लागत नाही. एखादी जोराची सर पुरते.

याचे कारण गूढ नाही. शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तोही ओहोटीच्या वेळचा, आखलेल्या होत्या. आणि पडलेल्यापैकी निम्मे पाणी जमीन पिऊन टाकील, असा त्या आखणीचा भरवसा होता. तो भरवसा आपणच मोडला. अंगणे, मैदाने, खाजणे डांबर-काँक्रीटखाली गेली. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ताशी ५० मिलिमीटरची क्षमता सुचविली. त्यानुसार पुढे नाले रुंदावले, उदंचन केंद्रे उभी राहिली. ही कामे आवश्यकच होती. मात्र एकीकडे वाहिन्या वाढवावयाच्या आणि दुसरीकडे उरलीसुरली माती झाकावयाची, म्हणजे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातलाच प्रकार होय.

शिवाय वाहते पाणी एकटे जात नाही. रस्त्यावरील तेल, धूळ, कचरा आणि नाल्यांत सोडलेले सांडपाणी घेऊन ते मिठीत व तेथून माहीमच्या खाडीत उतरते. तेच पाणी गवताळ चरांतून, वाळू-मातीच्या थरांतून झिरपू दिले, तर गाळ आणि त्यास चिकटलेली घाण तेथेच अडते व प्रवाहाचा वेगही मंदावतो.

हा उपाय रामबाण नव्हे. 'स्पंज शहरा'चा ध्यास घेतलेले चीनमधील चेंगचौ जुलै २०२१ मध्ये बुडालेच. तेथे एका तासात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला होता. परंतु प्रलय रोखता येत नाही, म्हणून दर पावसाळ्याची नित्याची दैना का सोसावी?

मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचय २००२ पासून सक्तीचा आहे. त्यांपैकी किती योजना कागदावर आहेत आणि किती चालू आहेत, याची मोजदाद महापालिकेने जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे. आणि नागरिकांनीही आपल्या सोसायटीच्या अंगणात फरशी घालण्यापूर्वी, तेथील पाणी कोणाच्या घरात शिरणार आहे, याचा क्षणभर विचार करावा. सखल भागातील झोपडीचा उंबरठा आपल्या अंगणापासून फार दूर नसतो.