पासिंग झाले, पण स्टिअरिंगचे काय?

बाजार समितीच्या आवारात पहाटे उभ्या असलेल्या पिकअप पाहिल्या, तर त्यांत जुन्या गाड्या बऱ्याच दिसतात. त्यात गैर काही नाही. नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही. प्रश्न आहे तो जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचा.

मागे एका पावसाळ्यात अशाच एका पिकअपमध्ये मी पुढे बसलो होतो. मागे रोपांचे ट्रे आणि दोन मजूर. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत हे मला ठाऊक होते, पण मी बोललो नाही. खड्डा आला की गाडी डावीकडे ओढायची. चालक म्हणाला, "साहेब, थोडा प्ले आहे. आता सवय झालीय." ओढ्याच्या उतारावर टाय रॉडचा एंड निसटला आणि पुढची दोन चाके दोन दिशांना गेली. वेग कमी होता म्हणून गाडी बांधाला टेकून थांबली. वाकून पाहिले, तर एंड महिन्यापूर्वीच बसवलेला, नवा कोरा. नटात स्प्लिट पिन मात्र घातलेलीच नव्हती.

कायद्यात याची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढे अंतर, तेवढे हे ३० अंश. बॉल जॉइंटवर रबरी टोपी हवी आणि बोल्ट वा पिन पक्की अडकवलेली हवी, असेही त्याच नियमात आहे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पण आपल्याकडे दुरुस्ती होते ती पासिंगपुरती. बाकीचे दिवस 'चालतंय तोवर चालू द्या'.

'पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात जाणार, मग खर्च कशाला?' असेही काही जण विचारतात. हा समज चुकीचा आहे. २०२१ च्या स्क्रॅप धोरणात आपल्या भागातील खासगी मालकीच्या गाडीसाठी वयापेक्षा फिटनेसला महत्त्व आहे. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या गाड्यांचे मात्र वेगळे आहे. १५ वर्षे पूर्ण झालेल्या अशा गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपते. ग्रामसेवक व सरपंचांनी आपल्या गाडीचे कागद एकदा तपासून घ्यावेत.

सुट्या भागांवरील करही उतरला आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. तेव्हा डुप्लिकेट एंड घेण्याचे कारण तेवढे कमी झाले. पक्के बिल मागावे. बिलाशिवाय मिळालेला भाग उद्या तुटला, तर दाद कोणाकडे मागणार?

माल चांगला असला तरी बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. जुना एंड काढण्यापूर्वी किती आटे बाहेर आहेत ते मोजून खडूने लिहावे. एका बाजूचे आटे बहुधा उलटे असतात, तिथे जोर लावून आटे मारू नयेत. एंडचा निमुळता दांडा आणि त्याचे भोक कोरडे, स्वच्छ पुसावे. पिनेचे भोक जुळत नसेल तर नट मागे सैल करू नये, किंचित पुढे आवळून जुळवावे. स्प्लिट पिन दरवेळी नवी घालावी. जुनी सरळ करून नको आणि तारेचा तुकडा तर नकोच. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर हजारोंचे टायर एका बाजूने खाल्ले जातात.

तपासणी घरच्या घरी होते. एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने खाली वाकून एकेका जोडावर हात ठेवावा. स्टिअरिंगच्या दांड्या हलतात आणि चाक जागचे हलत नाही, असे असेल तर मधला जोड गेला म्हणून समजावे. रबरी टोपी फाटली असेल तर आत चिखल शिरून तो जोड लवकरच जाणार.

पेरणीआधी आपण पाभरीचे फण तपासतो. तसेच पहिल्या पावसाआधी गाडीचे स्टिअरिंग तपासावे, पासिंगची तारीख केव्हाची का असेना. आणि मजुरांना मागे बसवू नये. स्प्लिट पिन काही रुपयांत मिळते, गेलेला माणूस कोठे मिळणार?