बटवा बोहारणीला देण्याआधी

चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा. असे शंभर मोजले की वजन किलोच्या वर जातं. कापूस विकून अमरावतीच्या बाजारातून गावाकडे निघालेला शेतकरी हे ओझं मांजरपाटाच्या कशात भरायचा. लांब, अरुंद नळीसारखा शिवलेला कसा बंडीच्या आत कमरेभोवती गुंडाळून गाठ मारायची. शिवण दुहेरी, टाके जवळजवळ, कारण एक टाका उसवला तर वर्षाची कमाई वाटेत सांडणार. ती शिवण घरातल्या बाईची, आणि तिचं नाव कुठेच नाही.

मी अकोल्यात शाळेत शिवणकाम शिकवलं, म्हणून माझी नजर आधी टाक्यावर जाते. दर्यापूरच्या माझ्या आजीचा बटवा मी जपला आहे. चोळीच्या खणातून उरलेले तुकडे जोडलेले, आत जुन्या धोतराचं अस्तर. तोंडाशी दोन नाड्या, एक डावीकडून ओवलेली, एक उजवीकडून. दोन्ही एकदम ओढल्या की तोंड असं आवळतं की दिडकीसुद्धा निसटू नये. हे गणित तिला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं.

इंग्लंडातल्या बायकाही एकोणिसाव्या शतकात रेशमी धाग्याने नाण्यांच्या पिशव्या विणत. लांबट पिशवी, मधे चीर, वर दोन सरकत्या कड्या. काहींचं एक टोक गोल तर दुसरं चौकोनी. सोनं कुठे नि चांदी कुठे हे अंधारातही बोटांना कळायचं. 1840 च्या दशकात विणकामाच्या पुस्तकांत त्यांच्या कृती छापल्या जात होत्या. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या जपून ठेवल्या आहेत, आणि कृती वाचून कोणीही तशी पिशवी पुन्हा विणू शकतं. आपल्या कशाची कृती कुठे लिहिली आहे?

1957 साली नवे पैसे आले, मग रेक्झिनची पाकिटं, आता भाजीच्या गाडीवरही फोन. त्याचं मला दुःख नाही. राग येतो तो हे बटवे जुन्या लुगड्यांसोबत बोहारणीला जातात आणि बदल्यात स्टीलचं पातेलं येतं, याचा. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरचे अडकित्ते आणि दिवे जमवले, त्यातून संग्रहालय उभं राहिलं. वऱ्हाडात निदान एक कपाट तरी भरू द्या. अमरावती विद्यापीठाच्या गृहविज्ञान शिकणाऱ्या मुलींना हे काम प्रकल्प म्हणून द्यावं: कापड, माप, टाका, गाव आणि शिवणारीचं नाव. बंजारा तांड्यांवरच्या आरसे-कवड्यांच्या थैल्याही त्यात हव्यात. ते भरतकाम जाणणाऱ्या बाया आज आहेत, तेव्हा नोंदीसोबत त्यांना मजुरीही मिळायला हवी.

तोवर आपल्या घरातला बटवा उलटा करून अस्तराची टीप पाहा. तो कोणी शिवला हे सांगणारं म्हातारं माणूस घरात असेल, तर नाव विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी आतच ठेवा.